कबड्डीतले आडवळणी नियम आणि पंचांचे निर्णय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सामना आशियाई स्पर्धेतला असो, प्रो कबड्डीतला असो की गायरानावर फक्की मारून आखलेल्या गावच्या मैदानावरचा, तो संपल्यावर पारावर दुसरा सामना सुरू होतो. परभणी, बीड, धाराशिव, नांदेड, जालना, कुठंही जा, भांडणाचे विषय तेच: लॉबी, बोनस, दम आणि पंच. ते प्रश्न इथं एकत्र घेतले आहेत. उत्तरं आंतरराष्ट्रीय नियमांना धरून आहेत, प्रो कबड्डी लीगचा नियम वेगळा असेल तिथं तसं लिहिलं आहे. वाद घालण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. सामना कोणत्या नियमांवर चालू आहे? आणि आधी काय घडलं, मग काय घडलं? निम्म्याहून जास्त भांडणं एवढ्यावरच मिटतात.

हांगझोऊच्या अंतिम सामन्यात नेमकं काय झालं? इराणवर अन्याय झाला का?

७ ऑक्टोबर २०२३, आशियाई स्पर्धेचा पुरुषांचा अंतिम सामना. गुणफलक २८-२८ आणि शेवटचं मिनिट जवळ आलेलं. भारताचा पवन सेहरावत करो या मरोच्या, म्हणजे गुण आणलाच पाहिजे अशा चढाईवर गेला. कुणाला स्पर्श होण्याआधीच तो लॉबीत, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या पट्ट्यात गेला, आणि इराणचे बचावपटू त्याच्या मागोमाग लॉबीत उतरून त्याच्यावर तुटून पडले.

आता हिशेब कसा लावायचा? जुन्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार स्पर्श न होता लॉबीत गेलेला चढाईपटू बाद. पण झटापट, म्हणजे स्पर्शानंतरची ओढाताण, सुरू नसताना बचावपटूंनाही लॉबी बंदच असते, त्यामुळे मागून गेलेले सगळे बचावपटूही बाद. म्हणजे इराणला एक गुण आणि भारताला जितके लॉबीत गेले तितके. लीगमुळे रुळलेलं वाचन वेगळं आहे. त्यात चढाईपटूनं लॉबीत पाय टाकला त्याच क्षणी चढाई संपते, पुढं कोण कुठं गेलं याला अर्थ उरत नाही.

पंचांचा निर्णय एकापेक्षा जास्त वेळा फिरला. खेळाडू मॅटवर बसून राहिले, सामना तासाभराच्या आसपास खोळंबला. शेवटी जुनं वाचन ग्राह्य धरलं गेलं आणि भारत ३३-२९ असा जिंकला.

आमचं मत विचाराल तर, जो नियम लागू धरला त्यानुसार निकाल बरोबर होता. पण कोणता नियम लागू आहे हे ठरवायला सामन्याचं शेवटचं मिनिट उजाडावं लागलं, ही संयोजकांची चूक. स्पर्धेआधी संघ व्यवस्थापकांची तांत्रिक बैठक होते ती असल्याच गोष्टींसाठी. दोन्ही संघांतले बरेच खेळाडू वर्षातले कित्येक महिने लीगच्या नियमांवर खेळतात, त्यांचे पाय त्याच सवयीनं पडतात. लॉबीबद्दलचं एक वाक्य त्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवलं असतं तर पुढचं महाभारत टळलं असतं.

मग लॉबी खुली कधी होते?

झटापट सुरू झाली की. म्हणजे चढाईपटूचा बचावपटूला, किंवा बचावपटूचा चढाईपटूला स्पर्श झाला की दोन्ही बाजूंचे एकेक मीटर रुंदीचे पट्टे मैदानात धरले जातात. त्याआधी पुरुषांचं मैदान रुंदीला आठच मीटर आहे असं समजायचं.

चार प्रसंग बघा. उजव्या कोपऱ्यातल्या बचावपटूच्या (कोपरारक्षकाच्या) हाताला स्पर्श करून चढाईपटू लॉबीतून पळाला: बिनधास्त पळू द्या, तो सुरक्षित आहे. स्पर्श नाही आणि चढाईपटूची टाच लॉबीत पडली: चढाईपटू बाद. स्पर्श नाही आणि मागं सरकता सरकता कोपरारक्षकाचा पाय लॉबीत गेला: कोपरारक्षक बाद, चढाईपटूला हातही न लावता गुण. चौथा प्रसंग हांगझोऊचा, तो वर आलाच आहे.

गावच्या सामन्यांत तिसरा प्रसंग सगळ्यात जास्त सुटतो. कारण पंचाचे डोळे चढाईपटूवर खिळलेले असतात आणि कोपरारक्षकाची टाच त्याच्या नजरेत येत नाही. दोन पंच समोरासमोरच्या बाजूरेषांवर उभे करण्याचं कारण हेच. चढाईपटू ज्या बाजूला झुकलाय त्या बाजूच्या पंचानं पायांकडं बघायचं, समोरच्यानं हातांकडं.

स्पर्श झाला की नाही, हे कशावरून ठरवतात? जर्सीला बोट लागलं तर?

लागलं तर लागलं. कपडे, बूट, अंगावरची कुठलीही वस्तू, सगळं शरीरातच धरतात. म्हणून ढगळ जर्सी घालून कोपऱ्यात उभं राहणं हा स्वतःच्या पायावर धोंडा आहे. चाणाक्ष चढाईपटू लोंबणाऱ्या जर्सीलाच हात घालतो. बचावपटूनं स्वतःहून हात पुढं करून चढाईपटूला चाचपलं, तरी तो स्पर्शच. चढाईपटू सुखरूप परतला तर त्याचा गुण मिळतो.

पाय रेषेवर पडला. आत की बाहेर?

आत. सीमारेषा मैदानाचाच भाग असते. रेषेची रुंदी ३ ते ५ सेंटीमीटर असते आणि तिच्या बाहेरच्या कडेपलीकडं जमिनीला स्पर्श झाला तरच बाद. हवेतला पाय बाहेर गेला म्हणून कुणी बाद होत नाही, जमिनीला टेकला पाहिजे.

झटापटीत आणखी एक सवलत आहे. चढाईपटूचा पाय बाहेर टेकला असला तरी त्याच्या शरीराचा काही भाग आत जमिनीला लागून असेल, तर तो अजून खेळात आहे. हातात हात घातलेल्या बचावपटूंच्या साखळीनं ओढून त्याला बाहेर नेताना प्रेक्षक ‘गेला, गेला’ ओरडतात आणि पंच हात वर करत नाही, तो यामुळं. पंचावर चिडण्याआधी चढाईपटूचा दुसरा हात कुठं आहे ते बघा.

बोनस दिला नाही. पाय तर स्पष्ट पलीकडं होता!

सर्वात जास्त वेळा येणारी तक्रार, आणि बहुतेक वेळा पंच बरोबर असतो. बोनससाठी या सगळ्या गोष्टी जुळाव्या लागतात:

समोर किमान सहा बचावपटू हवेत. पुढचा पाय बोनस रेषेच्या पूर्ण पलीकडं टेकायला हवा, रेषेला चाटून चालत नाही. आणि त्या क्षणी शरीराचा कुठलाही भाग बोनस रेषा आणि मध्यरेषा यांच्यामध्ये जमिनीला लागलेला नसावा, म्हणजे मागचा पाय हवेत हवा. मागच्या पायाचा अंगठा जमिनीवर घासला की बोनस गेला. गॅलरीतून पुढचा पाय दिसतो, मागचा अंगठा दिसत नाही. एवढ्याशा अंगठ्यापायी गावाच्या गावं भांडली आहेत.

चौथी अट क्रमाची. स्पर्श किंवा झटापट झाल्यानंतर रेषा ओलांडली तर बोनस नाही. आधी बोनस, मग स्पर्श असं झालं तर दोन्ही मिळतात.

बोनसच्या गुणावर बाहेर बसलेला खेळाडू आत येत नाही, हेही लक्षात ठेवा. समोरचा कुणी बाद झाला तरच आपला एक आत येतो. तांत्रिक गुण (नियमभंगाबद्दल मिळणारा) आणि लोणाचे, म्हणजे समोरचा पूर्ण संघ बाद केल्याचे दोन गुण, यांनाही हेच लागू.

बोनस घेतला, डाव्या कोपऱ्याला हात लावला, मग तिघांच्या साखळीत सापडला. हिशेब काय?

१-१. बोनसचा गुण चढाईच्या संघाला, पकडीचा बचावाला. कोपऱ्याचा स्पर्श गेला, कारण चढाईपटू परतलाच नाही.

यात थोडी भर घाला: झटापटीआधी एक मध्यरक्षक चुकून लॉबीत पाय देऊन बसला होता. तो स्वतःच्या चुकीनं बाद आहे, चढाईपटू पकडला गेला तरी ते पुसलं जात नाही. मग हिशेब २-१. गुणलेखकानं असे प्रसंग एकदम लिहू नयेत. आधी बोनस, मग स्वतःहून बाद झालेले, मग स्पर्श किंवा पकड, या क्रमानं पंचाकडून वदवून घ्यावेत. घाईत ‘एक-एक’ लिहून टाकलं की पाच मिनिटांनी टेबलाभोवती गर्दी जमते.

निदानरेषेला हात लावून परतला तर चढाई पूर्ण धरतात का?

नाही. निदानरेषा ओलांडावीच लागते, आणि ओलांडतानाचं तत्त्व बोनससारखंच: पलीकडं पाय टेकलेला असताना अलीकडं काही टेकलेलं नको. नाही ओलांडली तर चढाईपटू बाद. मात्र त्याआधी स्पर्श किंवा झटापट झाली असेल तर ही अट राहत नाही. पुरुषांत ही रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर, महिलांत ३ मीटरवर असते. बोनस रेषा तिच्या पुढं एक मीटरवर.

आता ३० सेकंदांचं घड्याळ आहे. मग दम घुमवायची गरज काय?

गरज आहे. घड्याळ आलं म्हणून ‘कबड्डी, कबड्डी’ची अट नियमांतून गेलेली नाही. टीव्हीवर दम ऐकू येत नाही, आणि लीगमध्ये पंच त्याबाबत सैल असतात हे खरं. पण आंतरराष्ट्रीय सामन्यात त्यावर शिट्टी वाजली तर तक्रारीला जागा नाही.

इथं तीन वेगळ्या चुका आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. दम उशिरा सुरू केला, म्हणजे समोरच्या अंगणात पाय पडल्यावर: चढाईपटूला परत पाठवतात, समोरच्यांना एक तांत्रिक गुण आणि चढाईची संधी. ठरलेला शब्द नीट न घुमवता नुसतंच पुटपुटला: तेच. या दोन्हींत तो बाद होत नाही आणि त्याचा पाठलागही करता येत नाही. पण समोरच्या अंगणात दम तुटला, तर तो सरळ बाद. तसंच ३० सेकंद संपले आणि तो अजून परतला नसेल, तरी बाद.

गावच्या मैदानावर लाऊडस्पीकर, हलगी आणि समालोचकाचा उत्साह यांत दम ऐकू येणं अशक्य. पंचानं सामन्याआधीच समालोचकाला सांगावं: चढाई सुरू असताना माईक खाली.

बाजूच्या रेषेवरून ‘बोनस मार, बोनस मार’ असं ओरडलं तर?

आपलाच खेळाडू समोरच्या अंगणात चढाईवर असताना त्याला आपल्या संघातल्या कुणी सूचना दिली, तर समोरच्या संघाला एक तांत्रिक गुण. नियम आहे, बऱ्याच जणांना ठाऊक नाही, आणि ठाऊक असलेले पंचही तो क्वचितच लावतात, कारण कडक लावला तर निम्मे सामने तांत्रिक गुणांवरच सुटतील. प्रेक्षकांनी ओरडलं तर त्याला नियम नाही. म्हणून हुशार संघ आपला ओरडणारा माणूस प्रेक्षकांत बसवतात. याला तोड नाही.

चढाईला कुणी जायचं हे ठरेपर्यंत किती वेळ मिळतो?

पाच सेकंद. उशीर झाला तर चढाईची पाळी जाते आणि समोरच्यांना तांत्रिक गुण. गडबडीत दोघं एकदम समोर घुसले तर दोघांनाही परत पाठवतात, पाळी जाते आणि वर तांत्रिक गुण बसतो. त्या दोघांनी कुणाला शिवलं असेल तर ते बाद नाहीत.

करो या मरो म्हणजे नेमकं काय?

सलग दोन चढायांत एकही गुण झाला नाही, तर त्या संघाची तिसरी चढाई निर्णायक. गुण आणला नाही तर चढाईपटू बाद आणि समोरच्यांना एक गुण. मोजणी संघाची असते, खेळाडूची नाही, त्यामुळं दोन रिकाम्या चढाया एकानं केल्या आणि तिसरीला दुसरा गेला तरी सुटका नाही. आणि गुण कसला झाला यानं फरक पडत नाही: बोनस मिळाला तरी चढाई रिकामी राहिली नाही.

अव्वल पकड कुणाची?

मैदानात तीन किंवा कमी बचावपटू असताना केलेली पकड. एक गुण जास्तीचा. पण त्या जास्तीच्या गुणावर कुणी आत येत नाही, पकडीबद्दल एकच येतो.

एकच खेळाडू उरलाय, आणि कर्णधार म्हणतो लोण घ्या. असं करता येतं?

येतं. मैदानात एक किंवा दोनच उरले असतील तर कर्णधार त्यांना स्वतःहून बाद जाहीर करून पूर्ण संघ आत बोलावू शकतो. समोरच्यांना जाहीर केलेल्या खेळाडूंचे गुण आणि वर लोणाचे दोन मिळतात. एक उरला असेल तर तीन गुण, दोन असतील तर चार.

हे शहाणपणाचं कधी? सामन्याची आठ-दहा मिनिटं शिल्लक आहेत, एकटा खेळाडू चढाया करून वेळ काढतोय, आणि मुख्य चढाईपटू बाहेर बसलाय, तेव्हा. लोण तसंही चुकणार नसतं. ते तीन मिनिटं आधी दिलं तर तीन मिनिटं सात जणांनिशी खेळता येतं. शेवटच्या दोन मिनिटांत मात्र एकट्यानं तग धरलेली बरी. जाहीर करताना कर्णधारानं सरपंचाकडं (सामन्याच्या मुख्य पंचाकडं) स्पष्ट सांगायचं, आणि लोण बसल्यावर संघानं दहा सेकंदांत मैदानात यायचं. रेंगाळलात तर तांत्रिक गुण.

कोणती पकड चुकीची?

दम तोडण्यासाठी मुद्दाम तोंड दाबणं. पायांची कात्री घालणं. इजा होईल अशी दांडगाई. केस किंवा कपडे धरणं. पकड हातपाय किंवा धडाची हवी. यातलं काही झालं तर चढाईपटू बाद नाही.

वाद होतो तो तोंडावर गेलेल्या हातावरून. मागून कंबर धरताना हात निसटून तोंडावर गेला, तर तो मुद्दाम गेला की चुकून, हे पंचानं ठरवायचं. आमचा ठोकताळा: हात लगेच हटला तर चुकून, तिथंच राहिला तर मुद्दाम. हे नियमपुस्तिकेत लिहिलेलं नाही, पण कामाला येतं.

बाहेर गेलेल्या बचावपटूनं पकडलं तर?

चढाईपटू बाद नाही. बाहेर जाऊन धरणारा मात्र बाद. साखळीतला टोकाचा गडी झटापटीआधीच सीमेबाहेर गेला आणि तिथून परत येऊन त्यानं पाय धरला, असं सर्रास होतं. रेषेजवळच्या पंचानं तिथल्या तिथं त्याचा क्रमांक पुकारून हात वर केला नाही, तर नंतर कुणी मान्य करत नाही.

दोन पंचांचं जमलं नाही तर शब्द कुणाचा?

साधारणपणे मैदानातल्या दोन पंचांचा निर्णय अंतिम. दोघांत मतभेद झाला, किंवा खेळाच्या हितासाठी गरज पडली, तर सरपंच निर्णय देतो. एकूण सहा जण लागतात: सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक. सहायक अंतिम रेषांकडं बसतात, बाद झालेल्यांची क्रमवार नोंद ठेवतात. हा क्रम महत्त्वाचा, कारण जो आधी बाद झाला तोच आधी आत येतो. नेहमीचा चढाईपटू तिसरा बाद झाला असताना पहिला आत आणणं ही गावच्या सामन्यांतली जुनी लबाडी आहे. वहीत क्रमांक लिहिलेले असले की ती चालत नाही.

माणसं कमी असतील तर सरपंचाची खुर्ची रिकामी ठेवा, पण दोन पंच आणि वही सांभाळणारा एक, एवढं सोडू नका.

रिव्ह्यू, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासण्याची सोय, नसेल तर दाद कशी मागायची?

कर्णधारानं, शांतपणे, पुढची चढाई सुरू होण्याआधी, सरपंचाकडं. सात जण पंचाभोवती जमले की पंच निर्णय बदलत नाही. बदलायचा असला तरी बदलत नाही. तक्रार ‘चुकीचं दिलं’ अशी नको. ‘स्पर्श आधी झाला, पाय नंतर गेला’ अशी क्रम सांगणारी हवी. पंचाला जे तपासता येतं तेच विचारा.

कार्डांचं भानही ठेवा. हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. कार्डामुळं बाहेर गेलेल्याच्या जागी बदली खेळाडू मिळत नाही, संघ तेवढ्या माणसांनी कमी खेळतो. एका गुणाच्या भांडणापायी दोन मिनिटं सहा जणांनी खेळायचं, हा सौदा परवडत नाही.

वेळ संपल्याची शिट्टी झाली, पण चढाई चालू होती. तो गुण धरायचा?

धरायचा. प्रत्येक डावातली शेवटची चढाई पूर्ण होऊ देतात. मध्यंतरानंतर अंगणं बदलतात, सुरुवातीला ज्यांनी चढाई केली नव्हती ते पहिली चढाई करतात, आणि मैदानात तितकेच खेळाडू उतरतात जितके पहिल्या डावाच्या शेवटी होते. ‘नवा डाव, पूर्ण सात’ ही समजूत चुकीची.

बादफेरीत बरोबरी झाली तर?

प्रत्येक संघाला पाच चढाया. सातही खेळाडू मैदानात, पाच वेगळे चढाईपटू, त्यांचा क्रम आधी सरपंचाकडं लिहून द्यायचा. निदानरेषा हीच बोनस रेषाही होते. कुणी बाद होऊन बाहेर जात नाही, फक्त गुण मोजतात. सामन्यात ज्यांनी पहिली चढाई केली त्यांची इथंही पहिली. तरी बरोबरी राहिली तर नाणेफेक करून सुवर्ण चढाई. इथं बोनस सोपा होतो हे बचाव विसरला की समोरच्याला गुण आयताच मिळतो.

गावात मैदान अचूक कसं आखायचं?

पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. नायलॉनची दोरी ताणली की लांबते, त्यामुळं मापाला टेपच वापरा.

आधी मध्यरेषा टाका, पुरुषांसाठी १० मीटर. तिच्या दोन्ही टोकांपासून दोन्हीकडं ६.५ मीटर मोजून कोपऱ्यांना खुंट्या. आता काटकोन तपासा: एका अर्ध्या अंगणाचा कर्ण ११.९३ मीटर आणि पूर्ण मैदानाचा १६.४० मीटर भरला पाहिजे. दोन्ही कर्ण सारखे नसतील तर मैदान तिरकं झालंय. महिलांच्या मैदानाचं सोपं आहे, ६ बाय ८ च्या अर्ध्या अंगणाचा कर्ण बरोबर १० मीटर येतो. पूर्ण मैदानाचा १४.४२.

मग दोन्ही बाजूंनी आत एकेक मीटर सोडून लॉबीच्या रेषा. मध्यरेषेपासून पुरुषांना ३.७५ मीटरवर निदानरेषा, ४.७५ वर बोनस. तिथून अंतिम रेषा १.७५ मीटर उरली तर माप बरोबर. सीमारेषा मैदानात धरतात, म्हणून माप तिच्या बाहेरच्या कडेपर्यंत घ्या. बाद झालेल्यांची बसण्याची पट्टी अंतिम रेषेमागं दोन मीटरवर, १ बाय ८ मीटर. आखून झालं की कोपऱ्याच्या खुंट्या काढायला विसरू नका.

आपल्याकडं खरा त्रास काळ्या मातीचा. वाळली की तडे जातात आणि ढेकळं टोचतात, ओली झाली की पायाला गोळे चिकटतात. वरून चाळलेली तांबडी माती, कुजलेलं चाळलेलं शेणखत आणि लाकडी भुसा यांचा थर द्या, आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडा, सकाळी रूळ फिरवा. खडा हातानं वेचा, रूळ तो आत दाबतो आणि पहिल्या पकडीत तो गुडघ्यातून बाहेर येतो.

फक्कीसाठी कळीचा चुना वापरू नका. झटापटीत डोळ्यांत गेला तर भाजतो. खडूची किंवा रांगोळीची भुकटी बरी. लॉबीची रेषा सगळ्यात आधी पुसली जाते आणि वाद तिच्यावरच होतात, म्हणून मध्यंतराला ती पुन्हा मारायचीच, आणि टाइमआउटमध्ये पंचानं ती दिसते का बघायचं. पुसलेल्या रेषेवर दिलेला निर्णय कुणालाच पटत नाही.

२०१८ ला जकार्तात आपण हरलो ते पंचांमुळं ना?

नाही. पुरुष उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असे हरले. नऊ गुणांचा फरक पंच पाडत नाहीत. महिलांचा अंतिम सामना २४-२७ असा गेला, तिथंही इराणचा बचाव सरस होता. पुरुष कबड्डीत १९९० पासून २०१४ पर्यंत सलग सात सुवर्णं मिळाल्यामुळं हरणं म्हणजे कुणाचा तरी कट, अशी सवय लागली आहे. २०१४ ला इंचॉनमध्ये इराणविरुद्ध २७-२५ असा निसटता विजय मिळाला होता, तेव्हाच चाहूल लागायला हवी होती. २०१६ च्या विश्वचषकात अहमदाबादला पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियानं ३४-३२ असं हरवलं होतं, तेही आपल्याच प्रेक्षकांसमोर.

एका गुणाचा फरक असतो तिथं पंचांबद्दल बोलण्याला अर्थ आहे. हांगझोऊत महिलांचा अंतिम सामना भारतानं चिनी तैपेईविरुद्ध २६-२५ असा जिंकला. तिथं एक चुकलेला बोनस निकाल फिरवू शकला असता, पण आपण जिंकलो म्हणून त्या सामन्यातले निर्णय कुणी पुन्हा बघत बसलं नाही.

नखं, तेल, अंगठी: यावर पंच खरंच अडवू शकतो?

हो. नखं कापलेली हवीत, दागिने नकोत, अंगाला तेल किंवा कुठलाही निसरडा पदार्थ नको. गळ्यातला ताईत, मनगटातला गंडा, कमरेचा करदोडा यावर आपल्याकडं हुज्जत होते. काढायचाच नसेल तर पट्टीनं घट्ट झाका आणि सामन्याआधी पंचाला दाखवून परवानगी घ्या. वरिष्ठ पुरुषांची वजनमर्यादा ८५ किलो, महिलांची ७५. खुल्या स्पर्धांत संयोजक ती बदलतात, तेव्हा प्रवेशपत्रिकेवर काय छापलंय ते वाचून मगच काटा मागा.